वरच्या मजल्याचं माप

उद्घाटनाच्या दिवशी पहिलं ताट संपायच्या आत गिऱ्हाईक खोकत बाहेर पळालं. रश्शाच्या फोडणीचा धूर चौकात कोंडला होता. फॅन तो नुसता फिरवत होता. मी कोपऱ्यात डोळे पुसत बसलो होतो. हॉटेल मीच डिझाइन केलं होतं.

कोल्हापुरातलं हे जुनं दुमजली घर, तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. मधे चौक, म्हणजे घराच्या पोटातलं उघडं अंगण. अशी घरं चौकातूनच श्वास घेतात. मालक तानाजीरावांना त्यावर पत्रे हवे होते.

"आठ टेबलं बसत्यात की हितं."

"आणि धूर?"

"फॅन लावू. तुमी काडा वो प्लॅन."

तीन महिने हेच. शेवटी कंटाळलो आणि दिला काढून. प्लॅन म्हणजे वरून पाहिलेलं घर. त्यात टेबलं दिसतात, धूर दिसत नाही. त्याला सेक्शन लागतो, घर उभं कापून दाखवणारं चित्र. पण "वर काय करायचंच न्हाई," असं मालक म्हणाले होते. मी सेक्शन काढला नाही. जिनाही चढलो नाही.

उद्घाटनाच्या त्या धुरात वरून खोकल्याची उबळ ऐकू आली. थांबेचना. "आबा," म्हणत तानाजीराव जिन्याकडे धावले. मागोमाग मी.

चौकावरच्या खिडकीला लागून खाट होती. तिच्यावर त्यांचे वडील, दम्याचे पेशंट, ओठ निळे पडलेले. खाटेसकट त्यांना रस्त्याकडच्या खोलीत नेलं. पत्रे बसवणारे मिस्त्री उद्घाटनाला आले होते; तानाजीराव चौकावरच्या खिडकीतून त्यांना ओरडले, "इस्माईल मिस्त्री, पत्रं काडा. समदं काडा."

तासाभराने आबांची धाप ओसरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पावणं, तीन म्हैनं घर मोजलंसा. वर म्हातारं हाय, ते न्हाई मोजलंसा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकावर ढकलायची सोय होती, पण मी कागद मागितला आणि तिथेच सेक्शन काढायला बसलो.

चौक उघडाच राहिला. स्वयंपाकघराला धुराडं बांधलं. आठ टेबलं गेली, तरी हॉटेल चांगलं चाललं. खाट परत चौकावरच्या खिडकीशी आली आणि आबा तिथून गिऱ्हाइकांना "अजून रस्सा घ्या की," म्हणायचे.

तेव्हापासून टेप काढण्याआधी मी विचारतो, घरात कोण कोण असतं. लोकांना वाटतं, मी स्थळ बघायला आलोय. वाटू दे.