सुमननं पुसलेली माझी ओळ

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात ग्राइंडर चालू होता. पलीकडून तिचा मुलगा काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मी ओरडलो, "जोरानं बोल गा!" मग मशीन बंद केली, आणि तो पुन्हा म्हणाला, "मामा, आई गेली." ते शब्द मी त्याला दोनदा बोलायला लावले... सव्वा महिना झाला, डोक्यातून जात नाही.

सुमन माझी सख्खी बहीण नव्हती. नागपुरात, जरीपटक्यात आमच्या दोघांच्या घरांमध्ये तीन घरं. लग्न होऊन आली त्या वर्षीपासून तिनं मला राखी बांधली. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, वेल्डिंगचं दुकान चालवतो. ती छापखान्यात प्रूफं तपासायची. नोकरी संपल्यावर ती इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहायला लागली. तिथं कोणीही लिहू शकतो, दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्तही करू शकतो, आणि पगार कोणालाच नाही. तलाव, झाडं, धानाच्या जाती, असलं ती लिहीत बसायची. मी चिडवायचो, "सुमन, तू रिटायर झाली का नवीन भरती झाली वं?" ती म्हणायची, "तुमी कुठं रिटायर झाले भाऊ? अजून ठोकूनच राहिले."

आता फिरकीचं सांगतो. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ओळींमधलं तण काढायचं हातयंत्र. दांडा ढकलला की दात्यांचं चाक फिरतं आणि तण चिखलात गाडलं जातं. ती लोखंडी फिरकी मी बनवली. कुही, उमरेडकडची कितीतरी माणसं ती माझ्या दुकानातून घेऊन गेली. एक दिवस गिऱ्हाइकानं मोबाइलवर दाखवलं की ज्ञानकोशात कोणीतरी फिरकीवर पान लिहिलंय. वाचलं आणि पाय जमिनीवर राहिले नाहीत... रागानं. लिहिलं होतं, 'कुही भागातील सुतार सीताराम मिस्त्री यांनी हे यंत्र प्रथम लाकडात बनवले. पुढे नागपूरच्या एका दुकानदाराने ते लोखंडात आणले.' मी दुकानदार! नावसुद्धा नाही! त्याच मोबाइलवरून एका बोटानं मी सुताराची ओळ पुसली. तिथं माझं नाव टाकलं, पुढे 'थोर संशोधक' आणि 'एकट्याने लावलेला शोध'. चहा पिऊन बघतो तर पान पहिल्यासारखं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं गेलं. सारी दुपार तेच. संध्याकाळी सुमन दुकानात आली. मी तिलाच सांगत बसलो की कोणीतरी बदमाश माझं नाव पुसून राहिला.

"भाऊ, तो बदमाश मीच आहो."

"तू? काहून वं?"

"यंत्र तुमचं, तारीफही तुमीच लिवता?"

"माह्या लेकराचं बारसं मी नाही करू त कोण करन?"

"बारसं करा ना. पण त्याची मार्कशीट मास्तरले भरू द्या."

तिनं समजावलं. ज्याचा वस्तूशी संबंध आहे त्यानं लेखाला हात लावू नये. प्रत्येक लेखामागं चर्चेचं वेगळं पान असतं, तिथं आपण कोण ते सांगावं, चूक दाखवावी, निर्णय परक्यावर सोडावा. आणि तिथंच तिनं स्वतःबद्दलही लिहून टाकलं, की लोखंडी फिरकी बनवणारे माझे मानलेले भाऊ आहेत, म्हणून यापुढे हा लेख मी तपासणार नाही. मी म्हणालो, "मंग तुह्या ओळखीचा फायदा काय?" ती म्हणाली, "फायदा होऊ नये म्हणूनच त सांगितलं." जाताना तिनं फक्त एक विचारलं. "ते सीताराम मिस्त्रीचं खोटं आहे काय, भाऊ?"

मी ग्राइंडर चालू केला.

त्यानंतर मी बोलणं सोडलं. राखीच्या दिवशीही गेलो नाही. तिनं राखी आणि सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, डबा दुकानात धाडला. वडी खाल्ली, राखी बांधली नाही, डबा रिकामा परत केला. आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक. तिचा फोन आला, "भाऊ, भरू नका, पण धुवाचा त होता." मला हसू आलं, तरी मी फोन ठेवून दिला. असा आहे मी.

ती दवाखान्यात आहे कळलं तेव्हा गेलो. आजाराचं ती काहीच बोलली नाही. म्हणाली, "ज्ञानकोशवाले त्या सुताराच्या ओळीले छापील आधार मांगून राहिले. नाही भेटला त काढून टाकतीन." म्हणजे मी नुसता गप्प बसलो असतो तरी जिंकलो असतो. सीताराम मिस्त्री कधीचेच गेले, त्यांच्याबद्दल कुठं छापून आलेलं नाही.

"मले का सांगतं? आपल्याबद्दल लिवू नये म्हणे ना?"

"लेखात लिवू नये. चर्चेत खरं सांगाले कोणाची मनाई आहे?" मग म्हणाली, "ती लाकडाची फिरकी पाहणारे तुमी एकटेच उरले भाऊ..."

तिला ठाऊक होतं. कसं, ते मी विचारलं नाही.

तेरवी झाल्यावर चर्चेच्या पानावर पूर्ण नाव घालून मी सगळं लिहिलं. एका बोटानं अर्धा दिवस लागला. दोन दिवसांत कोणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. आभार मानले होते, पण नुसतं सांगणं चालत नाही, आधार छापून आलेला लागतो. सुमन असती तर तीही हेच बोलली असती, भाऊ म्हणून सूट दिली नसती.

तर घ्या, तुम्ही हे वाचताय म्हणजे आधार छापून आला. कुहीजवळच्या माझ्या सासुरवाडीला, सीताराम मिस्त्रींच्या ओसरीत, मी लाकडाची फिरकी पाहिली होती. त्यांनी ती बांधीत चालवून दाखवली, माझ्याही हातात दिली. चिखलात तिचे दाते फुगायचे, अडकायचे. मी ते लोखंडाचे केले, वाकवले, दांडा लांब केला. तेवढं माझं, आणि ते मी कोणाला देणार नाही. पहिली फिरकी त्यांची. हे त्या पानावर मी टाकणार नाही, माझा संबंध आहे. ज्याचा नाही, त्यानं टाकावं.