कुकर फुटला नव्हता

"हे कुकरचं काम वाटत नाही," माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर टॉर्च धरून बालाघाटचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. गालात काळे ठिपके रुतले होते.

मला तरी कुठे वाटत होतं? शेतावरच्या झोपडीत म्हणे कुकर फुटला! आमचा एकुलता एक कुकर परसवाडा गावाजवळच्या घरी पालथा पडला होता, सकाळी मीच घासलेला. शिवाय ह्यांच्या शर्टाला दिवाळीचा वास येत होता.

दिरानं मला बाजूला घेतलं. "वहिनी, कुकरच सांगजा. बारूद म्हटलं त पोलीस दादाले नेतीन."

तेव्हा कुठे कळलं. रानडुकरं धानात शिरतात म्हणून दोघा भावांनी लोखंडी नळीत बारूद ठासून बार काढला होता. आमच्या भागात बारूद म्हटली की आधी माणसावर शंका घेतात, जखम मागाहून बघतात. डॉक्टर पुन्हा पुन्हा तेच विचारू लागले, तसा मला त्यांचाही संशय आला. हा माणूस डोळा तपासतोय की जबानी घेतोय?

"पोलिसांना कळवावं लागेल, ते लपवत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण बारूद उघड्यावर जळली तर नुसती भडकते. नळीत कोंडली की तिचा गॅस होतो, तो नळी फाडून निघतो आणि तिचे तुकडे फेकतो. वाफ असेल तर मलम देतो. लोखंड असेल आणि आत राहिलं तर डोळा जाईल."

दीर नाही नाही म्हणत मान हलवत राहिला. मी म्हटलं, "नळी होती. लोखंडाची."

सीटी स्कॅन झालं. इंट्राऑक्युलर फॉरेन बॉडी, म्हणजे डोळ्याच्या आत शिरलेला बाहेरचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा. नागपुरात तो काढला. पोलीसही आले. केस अजून चालू आहे, आणि दीर माझ्याशी धड बोलत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर डोळा चोळू देऊ नका, आणि काय फुटलं ते डॉक्टरला खरं सांगा.

पट्टी निघाल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी बोटं दाखवली. हे म्हणाले, "दोन." डॉक्टर खूश झाले. मला शंका, चांगल्या डोळ्यानं चोरून बघितलं असेल. घरी आल्यावर त्यांच्या डाव्या डोळ्यावर मी स्वतःचा तळवा घट्ट दाबला आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं धरली.

"तीन," हे म्हणाले. "धुकट दिसते, पण तीनच. अन् तू काहून रडून राह्यली?"