पुढचे दोन, मागचे दोन

रस्त्याला जिथे दोन फाटे फुटतात, एक खाली डांबरी सडकेला जातो आणि दुसरा चिकट मातीतून डोंगर चढतो, त्या बेचक्यात थोरल्या जावयाचं टायरचं दुकान होतं. त्याला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सासरा सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून हा थोरला जावई. बस.

त्याचा टायर खोल खाचांचा, जाड ठोकळ्यांचा. चिखलात असा दात रोवायचा की चिखलानेच मुकाट वाट द्यावी. डांबरावर मात्र तो घों घों करायचा, आणि ओल्या डांबरावर ब्रेक दाबला तर थांबायला जरा जास्तच अंतर घ्यायचा. थोरल्याला हे ठाऊक होतं. पण आपल्या लेकराच्या खोड्या चारचौघांत कोण सांगत बसतो?

रस्त्यापलीकडे त्याच्या साडूचं, म्हणजे धाकट्या जावयाचं दुकान. काचेचं दार, चाकाचा तोल बघायचं यंत्र, आणि पाठ असलेली खुर्ची. त्याचे टायर बारीक रेघांचे. ओल्या डांबरावर पाणी बाजूला सारून ते सरळ रेषेत पळत, आवाज म्हणून नाही. चिखलात मात्र त्या रेघा लिंपून जात आणि टायरची तुळतुळीत गोटी होई.

साडूच्या दुकानाचं थोरल्याला काही नव्हतं. गिऱ्हाईक येतं, जातं. त्याच्या पोटात दुखत होतं ते त्या खुर्चीवरून. कारण तिच्यावर सासरे बसत.

थोरल्याचा बाप त्याला चालता येण्याआधीच गेला. वडीलधाऱ्या माणसाने आपल्याजवळ बसायचं, काही सांगायचं, ही गोष्ट त्याला लग्नानंतरच कळली. मामा, म्हणजे त्याचे सासरे, उभा जन्म मालट्रक चालवलेला गडी. रोज सकाळी आपली जुनी गाडी घेऊन डोंगरावरून उतरत, थोरल्याच्या दुकानात टायरच्या थप्पीवर बसत आणि घाटातल्या वळणांच्या गोष्टी सांगत. थोरला चाक खोलता खोलता ऐके. धाकटा आला आणि मामा पलीकडे बसू लागले.

“पाठीला टेकू मिळतो हो तिथे, जावईबापू,” मामा म्हणाले होते.

दुसऱ्याच दिवशी थोरल्याने पाठीची खुर्ची आणली. मामा तिच्यावर घटकाभर टेकले, “छान आहे,” म्हणाले, आणि पलीकडे गेले. पलीकडून हसण्याचा आवाज आला की थोरल्याच्या हातातली पहार उगाच जोरात आपटे.

“हळू,” बायको म्हणे. “टायरने काय घोडं मारलंय तुमचं?”

“तुझे वडील एवढे हसतात कशाला तिथे?”

“माझे वडील आहेत ना? मग जळायचं ते मी जळेन. तुम्ही नटबोल्ट बघा.”

अशात मामांच्या गाडीचे टायर झिजून गुळगुळीत झाले. आता कोणाचे बसणार? नाक्यावर दुसरा विषय उरला नाही. थोरल्याच्या मनाने घेतलं की मामा ज्याचे टायर घेतील, तोच त्यांचा खरा जावई.

“चढावर चिखल आहे मामा,” थोरला म्हणाला. “माझेच लागतील.”

“पण बाजाराला रोज डांबरावरूनच जातात ना ते?” धाकटा म्हणाला. “तुमच्या टायरवर बसून बहिरे व्हायचे.”

“बहिरे झालेले बरे. तुझ्या टायरवर दरीत जातील.”

“गप्प बसा दोघं!” मामा वैतागले. एकाला हो म्हणावं तर दुसरी लेक रुसणार. “दोन तुमचे, दोन ह्याचे. झालं?”

ही तोड निघायला घरात दोन जावई आणि दोघेही टायरवाले असावे लागतात. एरवी कुणी एका गाडीला दोन जातींचे टायर बांधत नाही, आणि बांधलेच तर ज्यांची पकड घट्ट ते मागे. थोरल्याला हे पक्कं माहीत होतं. पण मागच्या चाकांचं कौतुक कुणाला? पुढची चाकं स्टिअरिंगमधून थेट हाताशी बोलतात. मामांच्या हाताशी आपण बोलावं, एवढंच त्याला हवं होतं.

“पुढचे माझे,” तो पटकन म्हणाला.

धाकटा सडकेचा माणूस, त्याला चिखलाची चाल ठाऊक नव्हती. तो हसून “बरं भाऊ,” म्हणाला.

आठवडा उलटायच्या आत मामा डोंगर उतरत होते. वळणावर झऱ्याचं पाणी झिरपून माती निसरडी झाली होती. त्यांनी ब्रेक दाबला. पुढच्या चाकांनी जमीन धरली, मागची सुटली, आणि गाडी शेपूट फिरवून आडवी झाली. बांधाला टेकली म्हणून निभावलं. मामांना खरचटलंही नाही, पण खाली आले तेव्हाही त्यांचे हात थरथरत होते.

“पुढची चाकं होती म्हणून वाचलो!” ते नाक्यावर सगळ्यांदेखत म्हणाले. “जावईबापू, चारही तुमचे बसवा. ह्या पोराचे काढा.”

थोरला जिंकला. त्याने चारही टायर चढवले, आणि प्रत्येक नट आवळताना समोरच्या काचेकडे बघून घेतलं.

पण धाकट्याने हाय खाल्ली. आपल्या टायरने मामांचा जीव जात होता, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. दुकान उघडून नुसता बसून राही. मग मामा त्याच्याकडे दिवसभर बसू लागले. त्याच्या पाठीवरून हात फिरवत, आपल्या हातून ट्रक उलटला होता ती गोष्ट सांगत. ती गोष्ट थोरल्याने कधी ऐकली नव्हती.

“बघ!” तो बायकोवर उखडला. “नाव त्याचं खराब, आणि कुरवाळून घेणाराही तोच!”

“मग तुम्हीही काहीतरी खराब करा,” बायको म्हणाली आणि आत गेली.

खराब तर केलंच होतं. फक्त कुणाला माहीत नव्हतं. थोरल्याने पहार उचलून टायरच्या कडेत घातली आणि तशीच काढली. मामांचा थरथरता हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि तो हात आता धाकट्याच्या पाठीवर होता, हेही सहन होईना. ह्यातलं कुठलं जास्त बोचलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने पहार खाली ठेवली आणि रस्ता ओलांडला.

“मामा, चूक ह्याची नव्हती. पकडीचे टायर मागे बांधायचे असतात. मला माहीत होतं. तरी मी माझे पुढे बसवून घेतले.”

मामा खुर्चीतून उठले.

“माहीत होतं? अरे गाढवा, माहीत होतं आणि बोलला नाहीस? माझ्या लेकी पोरक्या झाल्या असत्या! अक्कल काय पंक्चरच्या डबीत ठेवलीस? आणि हे पोर इतके दिवस तोंडात घास घेत नाही, ते बघत होतास?”

आवाज दोन्ही फाट्यांवर गेला. गाड्या थांबल्या, माणसं जमली. मामांचा सगळा जन्म ट्रकवर गेलेला, शिव्यांना तोटा नव्हता. थोरला मान खाली घालून उभा होता. जागचा हलला नाही. धाकट्याला त्याची दया आली.

“जाऊ द्या ना मामा,” तो मध्ये पडला. “झालं ते झालं.”

थोरल्याने झटकन मान वर केली.

“तू मध्ये पडू नकोस,” तो धाकट्याला म्हणाला. “ते माझ्याशी बोलतायत.”