शून्याच्या नावावर

माझ्या थोरल्या साडूंइतका संशयी आणि तितकाच भाबडा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. पाथरी तालुक्यात तलाठी म्हणून हयात गेली, त्यामुळे गावाने दिलेलं 'भाऊसाहेब' हे नाव आम्हा नातेवाइकांच्याही तोंडी बसलं. नोकरी संपली, पण वस्तू दिसली की ती आधी कोणाच्या नावावर होती हे विचारायची खोड संपली नाही. जुनी स्कूटर घेतली तेव्हा आधीच्या प्रत्येक मालकाच्या घरी जाऊन चहा पिऊन आले. त्यातला एक वारला होता, तर त्याच्या बायकोला सांत्वनाआधी गाडी पेट्रोल किती पीत होती ते विचारलं. आमच्या वास्तुशांतीला पानावर बसताच त्यांनी रिकामी वाटी उलटी करून तिच्यावर कोरलेलं नाव वाचलं आणि भर पंगतीत म्हणाले, "ही वाटी तर आमी धाकट्या मेहुणीला दिल्ती. हितं कशी आली?" माझी बायको आणि तिची धाकटी बहीण पुढे कितीतरी दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. भाऊसाहेबांना मात्र वाटीचा फेरफार लागल्याचं समाधान होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्यात संगणकाच्या कामात आहे. एनएफटीची, म्हणजे संगणकावरच्या चित्राच्या मालकीची न पुसता येणारी नोंद करायची, हवा होती त्या दिवसांत त्याने स्कूटरवर बसलेल्या वडिलांचं चित्र काढलं, मिशा जरा जास्तच झुपकेदार, आणि त्याचं एनएफटी करून आपल्या वॉलेटमध्ये, म्हणजे अशा नोंदींच्या ऑनलाइन खात्यात, ठेवलं. "बाबा, ह्या चित्राचा सातबारा माझ्या नावावर हाय, आणि तो कुणालाबी बघता येतो," असं सांगून त्याने वॉलेटचा पत्ता दिला. भाऊसाहेब हरखले. खाडाखोड करता येत नाही असं दप्तर त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. मग त्यांना एपीआयचं, म्हणजे त्या दप्तरातून नोंदी मागवायच्या सोयीचं, वेड लागलं. एका संकेतस्थळावर वॉलेटचा पत्ता टाकला की कुठलं चित्र कोणाकडून आलं, कोणाकडे गेलं, ते ओळीने समोर येतं. त्यासाठी चावी म्हणून अक्षरांची एक लांबलचक माळ लागते. ती मी मिळवून दिली, कारण परभणीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्याला सगळंच येतं अशी सासरी समजूत आहे. "सर, पयली ओळ बघा. देणाराच्या जागी नुसते शून्यच," ते म्हणाले. चित्र नवं बनतं तेव्हा ते कोणाकडून आलेलं नसतं म्हणून तिथे शून्यं असतात, हे मी समजावलं. "म्हंजे सरकार," ते म्हणाले. "सरकारनं पोराला दिलं." मी वाद घातला नाही.

पुढे मुलाने आपलं लग्न ठरवलं. मुलगी बोरीची, त्याच्याच ऑफिसातली. दुसरा कोणी बाप मुलीला जाऊन भेटला असता. हे जीपने बोरीला गेले आणि पारावर बसून तिच्या घराण्याचे फेरफार काढू लागले. आजी कुठली, पणजोबा ह्या गावात कुठून आले, का आले. मुलीचे वडील तिथेच उभे राहून ऐकत होते, आणि हे त्यांना ओळखत नव्हते. मुलगा फोनवर एवढंच बोलला, "तुमी माणसाला जमीन समजायलात, बाबा." लग्न पुण्यात नोंदणीने झालं. आम्हाला साधा फोटो आला नाही.

मुलाने फोन उचलायचा सोडला, पण वॉलेट उघडंच होतं. भाऊसाहेब रोज सकाळी पत्ता टाकून बसायचे. "कुणीतरी माकडाचं चित्र पाठवलंय त्याला. म्हंजे बरा हाय," असं ते घरात जाहीर करायचे. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, विचारायच्या, "जेवायलाय का न्हाई, ते दिसतंय का त्यात?"

गेल्या महिन्यात त्यांनी मला पाथरीला बोलावून घेतलं. एक नवी ओळ आली होती. स्कूटरवरच्या बापाचं चित्र मुलाच्या वॉलेटमधून निघालं होतं, आणि घेणाऱ्याच्या जागी शून्यं होती. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. शून्याला पाठवणं म्हणजे चित्र जाळणं, तिथून ते पाठवणाऱ्यालाही परत आणता येत नाही. मला त्या पोराचा संताप आला. बापाचं चुकलंच होतं, पण बाप ही ओळ वाचणार हे त्याला पक्कं माहीत होतं.

भाऊसाहेब शांत होते. "दुसऱ्याच्या नावावर केलं न्हाई त्यानं," ते म्हणाले. "सरकारजमा झालंय. शर्तीवर दिलेली जमीन शर्त मोडली की सरकारजमा होती, सर. लय नोंदी केल्यात म्या तशा." मग त्यांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "शर्त मी मोडली. पण चूक कबूल करून अर्ज केला तर परत मिळतंय. हितं अर्ज कुणाकडं करायचा, तेवढं बघून सांगा. आणि परत मिळालं की नुसतं पोराच्या नावावर नगं. सूनबाईचं नाव बी लावा."

सूनबाई हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. तो जिच्यासाठी होता तिच्यापर्यंत पोचवायला आमच्यापैकी कोणाकडे तिचा नंबरही नव्हता. मी बघतो म्हणालो आणि उठलो. दर दोन-चार दिवसांनी ते फोन करून अर्जाचं विचारतात. अर्ज घ्यायला तिथे कोणीच बसलेलं नाही, हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.