आगीतलं ओलेपण

धगधगत्या आगीत एखादी वस्तू ओली दिसते, हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मी मानलं नसतं. भट्टीच्या झरोक्यातून पाहिलं, की लालभडक मातीच्या वाडग्यावरची झिलई वितळून अशी चमकते, जणू वाडगा आत्ताच विहिरीतून काढलाय. राकू या भांडी भाजण्याच्या जपानी रीतीत तोच क्षण पकडायचा, चिमट्याने वाडगा उचलायचा आणि लाकडाच्या भुशात पुरायचा. उशीर झाला की झिलई वाहून जाते.

पाडलेल्या भिंतीच्या विटा रचून परसातली ही भट्टी आम्हीच उभारली. वाडगे बायकोचे, लाकडं माझी, आणि झरोक्याला डोळा लावून ‘आता’ म्हणणंही माझंच. मागच्या वेळी झिलई वाहून तिचा वाडगा विटेला चिकटून बसला. मी लाकडाला दोष दिला.

उभ्या आयुष्यात ज्याला वेळेवर बोलणं जमलं नाही, त्याला हे काम देऊच नये. पण काल झिलई चमकली आणि माझ्या तोंडून आरोळीच फुटली, “काढ! काढ!”

शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. वाडगा भुशात, धूर आभाळात, आणि बायको हसतेय, “अहो, एवढा आवाज आहे तुमच्यात?”

वेळेवर उच्चारलेल्या एका शब्दाने इतकं हलकं वाटतं, हे पन्नाशीत कळावं!

थंड होताना झिलई किणकिणत तडकते. ते ऐकता ऐकता सांगून टाकलं, “मागच्या वेळीही दिसलं होतं मला. चुकलो तर, म्हणून गप्प राहिलो.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तोंड गप्प असतं, चेहरा कुठे गप्प बसतोय तुमचा?”

आणि दुसरा वाडगा भट्टीत ठेवून तिने मला पुन्हा झरोक्यापाशी बसवलं.