माइकवरचं वय

अनसूया दिघे रागीट म्हणून साऱ्या नानाखेड्यात प्रसिद्ध. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पटांगणात मल्लखांब रोवला. एरंडेल चोळलेल्या त्या खांबावर मुलं चढली की बाईंचा आवाज बस स्टँडपर्यंत जायचा. मुलं घाबरत नसत. बाई ओरडतात ते आपली पकड सुटू नये म्हणून, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या रविवारी मात्र त्या खरोखरच संतापल्या. जिल्हा स्पर्धेच्या यादीत त्यांच्याकडे शिकणाऱ्या देवश्रीचं नाव दहा वर्षांखालच्या गटात होतं. देवश्रीला तेरा पूर्ण झालेली. अंगाने बारीक, उंचीने आठ-नऊ वर्षांची वाटे, एवढंच.

यादी केली होती गावातल्या मल्लखांब क्लबचा सेक्रेटरी शैलेंद्र याने आणि नवा जन्मदाखला आणला होता मुलीच्या बापाने. हा विनायक बाईंचाच जुना विद्यार्थी, बँकेत नोकरीला. बाईंनी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तो मान खाली घालून म्हणाला, मोठ्या गटातल्या मुली तिच्या दुप्पट आहेत, तिथे तिचा निभाव लागायचा नाही. लहान गटात पदक पक्कं, आणि पदक मिळालं की स्पोर्ट्स हॉस्टेलला जागा.

"आणि तिथे काय, जन्मभर खोट्या वयाची राहील?"

शैलेंद्र हसला. "बाई, हम पर क्यों भड़क रही हो? तीन साल झाले, छब्बीस जानेवारीला माइकवर तुम्हीच सांगता, 'आठ साल की देवश्री'. पब्लिक टाळ्या वाजवते. आम्ही तर नऊ लिहिलंय, एक वाढवूनच."

बाईंना सुरुवात आठवली. पहिल्या वर्षी लोकांना कौतुक वाटावं म्हणून त्यांनी दोन वर्षं कमी सांगितली होती. टाळ्या पडल्या. पुढे दर वर्षी तेच वाक्य. खांबाच्या टोकावर एका पायावर तोल सांभाळणारी मुलगी ते ऐकते, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी देवश्रीला बाजूला नेऊन विचारलं, माइकवरचं ते वय ऐकून तुला काय वाटतं.

"वर्गातली मुलं विचारतात, तू वाढत नाहीस का," देवश्री म्हणाली. "मला वाटलं, बाई, तुम्हालाही तसंच वाटतं."

स्पर्धेच्या सकाळी बाई शाळेचा दाखला घेऊन पंचांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. यादीतलं वय खोटं आहे आणि या खोट्याची सुरुवात माझ्या तोंडून झाली, असं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. रांगेतले पालक वळून पाहू लागले. विनायकचा चेहरा पांढरा पडला. पंचांनी दाखला दोनदा तपासला, एक नाव खोडलं आणि चौदा वर्षांखालच्या गटात लिहिलं.

मोठा खांब देवश्रीच्या मांड्यांत नीट मावत नव्हता. एकदा ती घसरली, पुन्हा चढली. एकोणीस मुलींत सोळावी आली.

"हॉस्टेल गेलं, बाई," विनायक कडवटपणे म्हणाला.

"गेलं. तुझ्यामुळे आणि माझ्यामुळे." बाईंचा राग अजून उतरला नव्हता. "उद्या सहाला पाठव तिला. मांड्यांत जोर नाही अजून."