शेळीचं उष्टं

मामा गेल्याचं फोनवर कळलं. सुट्टी मिळवून चौथ्या दिवशी गावात पोचले, तर चौकात फ्लेक्स लागलेला: ‘पशुमित्र दत्तूमामा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ शेजारी सोसायटीच्या चेअरमनचा हात जोडलेला फोटो, मामाच्या फोटोपेक्षा मोठा. मी तिथे बराच वेळ उभी होते... खरं सांगायचं तर दगड शोधत होते.

दुष्काळात याच चेअरमनच्या चारा-छावणीतला ऊस संपला आणि दावणीला सुबाभळीचा पाला आला. हिरवागार पाला, पण पंधरवड्यात गाईंचे केस गळू लागले, तोंडातून लाळ. मामा जनावरांच्या दवाखान्यात शिपाई. त्याच्या शेळ्या वर्षानुवर्षं सुबाभळ खाऊन धडधाकट होत्या. शेळी रवंथ करायला लागली की तो तिच्या जबड्यात बोटं घालून घास अलगद काढायचा आणि आजारी गाईला भरवायचा. त्याची स्वतःची गाय तशीच बरी झाली होती.

का, ते मला माहीत होतं. सुबाभळीत विष असतं. ते पुरतं मोडायची जनुकं काही जिवाणूंकडेच असतात. जनावर त्यांना पोटात ऊब आणि दाणापाणी देतं, ते त्याच्या चाऱ्यातलं विष खाऊन जगतात. शेळ्यांच्या पोटात ते होते, छावणीतल्या गाईंच्या पोटात नव्हते; रवंथाच्या घासाबरोबर ते गाईत जायचे. एवढंच. कॉलेजात हे मी इंग्रजीत धडाधड लिहिलं होतं.

चेअरमन छावणीवर आले, त्या दिवशी मी मामाबरोबर होते.

“दत्त्या, शेळीचं उष्टं गाईला चारतो व्हय बे? छावणी हाय का तुझं मंतराचं दुकान?”

माणसं हसली. मामानं माझ्याकडे बोट केलं. “माझी भाची शिकल्याली हाय, साहेब. तिला इचारा.”

सगळे पुरुष माझ्याकडे बघायला लागले. माझ्याजवळ मराठीत एक वाक्य नव्हतं... मी चपलेकडे बघत राहिले. मामाला छावणीत यायला बंदी झाली. पलीकडच्या दावणीच्या गाई एकेक करत बसल्या, त्या उठल्याच नाहीत. “लाजरी हाय पोर,” एवढंच तो मामीला म्हणाला. मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या त्यानं. माझा राग चेअरमनवर आहेच, पण तो तिथेच थांबत नाही.

परवा शेजारच्या कमलकाकूंनी बाजारातून आणलेली गाय मामाच्या शेळ्यांत आणून बांधली.

“इथं का, काकू?”

“आठ दिस शेळ्यांसंगं एका टोपल्यात खाऊ द्यायचं. मग सुबाभळ बाधत न्हाई.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी म्हंजी? आता समदेच करत्यात की. चेअरमनच्या गोठ्यात बी असंच हाय.”

“दत्तूमामानं सांगितलं,” मी म्हणाले. आवाज एवढा चढला की मामी बाहेर आली. “त्याचं नाव घ्या, काकू.”